लिनिअर अल्जिब्रा झालं, आता पुढे कुठलं गणित?

बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांत निवडीचा प्रश्न फारसा येत नाही. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, थोडी डिफरन्शियल इक्वेशन्स, जमलं तर ग्रुपची व्याख्या आणि चार उदाहरणं. विद्यापीठ कुठलंही असो, यादी साधारण तीच. पंचाईत होते ती तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर. ऐच्छिक विषयांची नावं समोर येतात: नंबर थिअरी, ग्राफ थिअरी, टोपॉलॉजी, ऑपरेशन्स रिसर्च, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, डिफरन्शियल जॉमेट्री. नावांवरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडली तर आणखी अनोळखी शब्द भेटतात. मग निवड कशावर होते? कुठल्या पेपरला मार्क पडतात, कुठल्या मॅडमच्या नोट्स तयार मिळतात, आणि ‘मेझर थिअरीच्या वाटेला जाऊ नकोस’ असं कुठल्या सीनियरने बजावलंय, यावर.

माझं म्हणणं साधं आहे. शाखा नावावरून निवडू नये, ती विचार करण्याच्या पद्धतीवरून निवडावी. प्रत्येक शाखेत डोकं चालवण्याची एक खास तऱ्हा असते आणि प्रत्येकाला ती सारखी मानवत नाही. कुणाला व्याख्येवरून व्याख्या रचत जायला आवडतं, कुणाला अंदाज आणि चूक यांच्या हिशेबात रमायला, कुणाला चित्र काढल्याशिवाय चैनच पडत नाही. आपण यातले कोण, हे पुस्तिका वाचून कळणार नाही. पण एकच प्रमेय वेगवेगळ्या शाखांच्या हातात देऊन पाहिलं तर बरंचसं कळतं. तेच करून बघू.

पुढच्या मूळ संख्या घ्या: 5, 13, 17, 29. यातली प्रत्येक दोन वर्गांची बेरीज आहे. 5 म्हणजे 1 अधिक 4, 13 म्हणजे 4 अधिक 9, 17 म्हणजे 1 अधिक 16, 29 म्हणजे 4 अधिक 25. आता 3, 7, 11, 19 घ्या. कितीही खटपट करा, जमत नाही. फरक असा की पहिल्या गटातल्या संख्यांना 4 ने भागलं की बाकी 1 उरते, दुसऱ्या गटातल्यांना भागलं की 3. दुसरा गट का जमत नाही हे सोपं आहे. कुठल्याही वर्गाला 4 ने भागा, बाकी 0 किंवा 1 येते. दोन वर्गांच्या बेरजेची बाकी मग 0, 1 किंवा 2 होईल, 3 कधीच नाही. खरं कोडं पहिल्या गटाचं आहे: बाकी 1 असलेली प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, असं का? फर्माने 1640 मध्ये मेर्सेनला लिहिलेल्या पत्रात हे सांगितलं. सिद्धता दिली ती ऑयलरने, जवळजवळ शंभर वर्षांनी. आणि त्यानंतर लोकांनी ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वाटांनी दिली.

आपण 13 धरून चालू. सुरुवात बहुतेक वाटांना सारखी आहे: अशी एक संख्या शोधायची, की तिच्या वर्गात 1 मिळवला तर 13 ने भाग जावा. 5 चालते, कारण 25 अधिक 1 म्हणजे 26. बाकी 1 असलेल्या प्रत्येक मूळ संख्येसाठी अशी संख्या मिळते, हे विल्सनच्या प्रमेयातून निघतं. 13 साठी 6 चं फॅक्टोरियल काढा, 720 येतं. त्याला 13 ने भागलं की बाकी 5.

आता अल्जिब्राची वाट. 26 चे अवयव साध्या संख्यांत 2 आणि 13. पण i, म्हणजे वजा 1 चं वर्गमूळ, वापरायची मुभा असेल तर 26 म्हणजे (5 + i) गुणिले (5 − i). गाउसने 1832 मध्ये अशा संख्यांचं एक जगच मांडलं, ज्यात a + bi मधले a आणि b पूर्णांक असतात. या जगातही संख्यांचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, आपल्या नेहमीच्या पूर्णांकांसारखे. आता बघा: 13 ने 26 ला भाग जातो, पण (5 + i) ला किंवा (5 − i) ला जात नाही, कारण भागाकारात अपूर्णांक येतात. मूळ संख्या असं वागू शकत नाही. गुणाकाराला तिने भाग जात असेल तर दोन्हीपैकी एकाला जायलाच हवा. म्हणजे या नव्या जगात 13 मूळ राहिलेलीच नाही, ती फुटते. आणि फुटते ती (3 + 2i) गुणिले (3 − 2i) अशी. गुणाकार करून पाहा, 9 अधिक 4. झालं.

इथे आकडेमोड जवळपास नाहीच. सगळी करामत ‘संख्यांचं जग मोठं केलं तर काय टिकतं आणि काय मोडतं’ या प्रश्नात आहे. हे वाचताना ‘मग i ऐवजी वजा 5 चं वर्गमूळ घेतलं तर?’ असा प्रश्न तुमच्या मनात आपसूक आला असेल, तर रिंग, फील्ड, गॅल्वा थिअरी आणि पुढे अल्जिब्राइक नंबर थिअरी हा तुमचा रस्ता असण्याची चांगलीच शक्यता आहे. (घेतलं तर गडबड होते. 6 चे अवयव दोन वेगळ्या प्रकारे पडतात, आणि त्या गडबडीतून आयडियल ही कल्पना जन्माला आली.)

भूमितीची वाट अगदी निराळी. आलेख कागद घ्या आणि त्यावर असे बिंदू (a, b) ठळक करा, जिथे b मधून a ची पाचपट वजा केली तर 13 ने भाग जातो. (1, 5), (2, −3), (3, 2) वगैरे. तिरक्या जाळीसारखी रचना दिसेल. जाळीच्या प्रत्येक घराचं क्षेत्रफळ 13. या जाळीवरच्या कुठल्याही बिंदूसाठी a वर्ग अधिक b वर्ग याला 13 ने भाग जातोच, कारण ती बेरीज a वर्गाच्या 26 पटीहून 13 च्या एखाद्या पटीनेच वेगळी असते. आता आरंभबिंदूभोवती असं वर्तुळ काढा, ज्याच्या त्रिज्येचा वर्ग 26 आहे. त्याचं क्षेत्रफळ 26 गुणिले पाय (π), म्हणजे साधारण 82. मिंकोव्स्कीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलेलं प्रमेय सांगतं, की मध्याभोवती सममित आणि बाहेरून कुठे आत न दबलेल्या आकाराचं क्षेत्रफळ घराच्या क्षेत्रफळाच्या चौपटीहून जास्त असेल, तर त्यात आरंभबिंदू सोडून जाळीचा आणखी एखादा बिंदू सापडायलाच हवा. चौपट म्हणजे 52. आपल्याकडे 82 आहेत. तेव्हा आत एक बिंदू आहे. त्याच्यासाठी वर्गांची बेरीज 13 च्या पटीत, शून्याहून मोठी आणि 26 हून लहान. अशी संख्या एकच: 13.

बिंदू कुठला, हे सांगायची गरजसुद्धा पडली नाही. ‘जागा पुरेशी आहे, म्हणजे कुणीतरी असणारच’ या प्रकारच्या युक्तिवादाने ज्याला गुदगुल्या होतात त्याने जॉमेट्री आणि टोपॉलॉजीकडे बघावं.

तिसरी वाट मला स्वतःला सगळ्यात खट्याळ वाटते. डॉन झागियर यांनी 1990 मध्ये ही सिद्धता एका वाक्यात छापली. तिचा गाभा असा. x वर्ग अधिक 4yz बरोबर 13 होईल अशी धन पूर्णांकांची सगळी त्रिकुटं मांडा. (1, 1, 3), (1, 3, 1) आणि (3, 1, 1). तीन, म्हणजे विषम. आता y आणि z यांची अदलाबदल करा. पहिली दोन त्रिकुटं एकमेकांत बदलतात. संख्या विषम असल्यामुळे जोडी न लागलेलं निदान एक तरी उरणारच, आणि उरेल त्यात y आणि z सारखेच असतील. इथे ते (3, 1, 1) आहे. मग 13 म्हणजे 3 चा वर्ग अधिक 4 गुणिले 1 चा वर्ग, म्हणजेच 9 अधिक 4. त्रिकुटांची एकूण संख्या नेहमी विषमच का, हे दाखवायला झागियर एक दुसरी, जरा विचित्र अदलाबदल वापरतात, जिच्यात बरोबर एकच त्रिकुट जागचं हलत नाही. 17 साठी मांडून बघा, पाच त्रिकुटं येतील. हा कॉम्बिनेटोरिक्सचा स्वभाव: मोजा, जोड्या लावा, उरलं काय ते बघा. पूर्वतयारी कमी लागते, हुशारी जास्त. ग्राफ थिअरीचा पेपर ‘सोपा’ म्हणून घेणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य पुन्हा वाचावं.

अ‍ॅनालिसिसवाला माणूस प्रश्नच बदलतो. तो विचारतो, एखादी संख्या सरासरी किती प्रकारे दोन वर्गांची बेरीज होते? क्रम आणि चिन्हं वेगळी धरली तर 13 आठ प्रकारे होते, 3 शून्य प्रकारे. आकडे वेडेवाकडे उड्या मारतात. पण 0 पासून 100 पर्यंतच्या सगळ्या संख्यांचे प्रकार एकत्र मोजायचे, म्हणजे 10 त्रिज्येच्या वर्तुळात पूर्णांक सहनिर्देशकांचे किती बिंदू बसतात ते मोजायचं. उत्तर 317. वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 314.16. तेव्हा सरासरी पायच्या जवळ जाते. पूर्णांकांच्या बेरजेत पाय कुठून आला हा धक्का एक, आणि 317 व 314 मधला फरक त्रिज्या वाढेल तसा किती वाढू शकतो हा खरा प्रश्न दुसरा. त्याचं नेमकं उत्तर आजही कुणाकडे नाही. अंदाज बांधायचा, चूक किती ते वरून-खालून बांधून ठेवायचं, मग तो बांध आणखी घट्ट करायचा, हे रिअल अ‍ॅनालिसिसचं रोजचं काम. एप्सिलॉन-डेल्टाने पहिल्या वर्षी छळलं असेल, पण तिथे जी असमानता हाताळण्याची सवय लागते तीच इथे भांडवल म्हणून वापरली जाते.

आणि संगणकाकडे ओढा असलेला विचारेल: शंभर आकडी मूळ संख्या दिली तर ते दोन वर्ग काढायचे कसे? शाळेत मसावि काढायला शिकलेली भागाकाराची रीतच चालते. 13 ला 5 ने भागा, बाकी 3. मग 5 ला 3 ने भागा, बाकी 2. 13 च्या वर्गमुळाखाली, म्हणजे साधारण 3.6 च्या खाली, दोन बाक्या आल्या की थांबा. त्या दोन बाक्या, 3 आणि 2, हेच उत्तर. शंभर आकड्यांनाही संगणकाला क्षणभर लागतो. कम्प्युटेशनल नंबर थिअरी आणि क्रिप्टोग्राफी या दिशेला आहेत. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीत एलिप्टिक कर्व्ह वापरले जातात, आणि ते समजायला ग्रुप थिअरी व फिनाइट फील्ड लागतात. नोकरीच्या दृष्टीने अल्जिब्रा निरुपयोगी असं म्हणणाऱ्या काकांना हे सांगता येईल.

या पाचपैकी कुठे आपण वाचनाचा वेग कमी केला आणि कुठे भराभर पुढे गेलो, हे प्रत्येकाने आपल्याशी बघावं. कळलं किती यापेक्षा थांबावंसं कुठे वाटलं याला मी जास्त किंमत देतो. समज सरावाने येते, ओढ आणता येत नाही.

मात्र ओढ कुठेही असली तरी दोन गोष्टी आधी लागतात. पहिली, लिनिअर अल्जिब्राचा दुसरा कोर्स. पहिल्यात मॅट्रिक्स, रो रिडक्शन, डिटर्मिनंट आणि आयगेनव्हॅल्यू काढायची कृती एवढंच बहुतेकदा होतं. दुसऱ्यात क्वोशंट स्पेस, ड्युअल स्पेस, जॉर्डन फॉर्म, इनर प्रॉडक्ट आणि स्पेक्ट्रल थिअरम. हा भाग वगळून पुढे गेलेले विद्यार्थी एम.एस्सी.त फंक्शनल अ‍ॅनालिसिसला अडतात, रिप्रेझेंटेशन थिअरीला अडतात, आणि मशीन लर्निंग करायला गेले तरी तिथे अडतात. तीन वेगळ्या ठिकाणची अडचण एकच असते. दुसरी गोष्ट म्हणजे मेट्रिक स्पेसपर्यंत नेणारं रिअल अ‍ॅनालिसिस. त्याच्याशिवाय टोपॉलॉजीतल्या व्याख्या आकाशातून पडल्यासारख्या वाटतात आणि मेझर थिअरीची गरजच कळत नाही.

पुढची साखळी थोडक्यात. डिफरन्शियल जॉमेट्रीला बहुचलांचं कॅल्क्युलस आणि इनव्हर्स फंक्शन थिअरम पक्कं हवं. अल्जिब्राइक टोपॉलॉजीला ग्रुप आणि टोपॉलॉजी दोन्ही. आधुनिक प्रोबॅबिलिटीला मेझर थिअरी. काहीच ठरत नसेल तर कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस घ्यावं, असा माझा आग्रहच असतो. त्यात सिद्धता छोट्या आहेत, निष्कर्ष मोठे आहेत, आणि अल्जिब्रा, अ‍ॅनालिसिस व भूमिती तिन्हींची चव एकाच पेपरात मिळते.

‘प्युअर की अप्लाइड’ हा वाद मी फार गंभीरपणे घेत नाही. टी.वाय.ला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये सिम्प्लेक्सचे तक्ते भरताना विद्यार्थी कंटाळतात, आणि कंटाळणं रास्तही आहे. सिम्प्लेक्स पद्धत सगळ्या शक्य उत्तरांनी बनलेल्या आकृतीच्या कडाकडांनी, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. नरेंद्र करमरकर यांनी 1984 मध्ये आकृतीच्या पोटातून जाणारी पद्धत दिली, आणि त्यात वापरलं ते प्रोजेक्टिव्ह जॉमेट्रीतलं रूपांतर आणि लिनिअर अल्जिब्रा. हा उपयोजित विषय म्हणायचा की शुद्ध? गोव्यात जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसनला शिकवलेले आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी डिफरन्शियल जॉमेट्रीत काम करत. 1943 मध्ये त्यांनी फंक्शनच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर लिहिलं. यादृच्छिक वक्राची उकल आयगेनफंक्शनमध्ये करण्याची ती कल्पना आज त्यांचं नाव जोडून ओळखली जाते. शिवाय प्राचीन नाण्यांची वजनं मोजून त्यांनी संख्याशास्त्र इतिहासाच्या कामाला लावलं. श्रीराम अभ्यंकरांचं उलट. ते अल्जिब्राइक जॉमेट्रीतच राहिले, वक्रांवरच्या आणि पृष्ठभागांवरच्या टोकदार जागा गुळगुळीत करण्याच्या प्रश्नामागे आयुष्यभर लागले, आणि त्यासाठी शाळेतल्या बीजगणितासारखी साधी हत्यारं वापरण्याचा त्यांचा हट्ट असे. पुण्यातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनी 1976 मध्ये स्थापलं.

प्रवेश परीक्षांबद्दल एवढंच. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी असलेल्या आयआयटीच्या जॅमचा गणिताचा पेपर कॅल्क्युलस, रिअल अ‍ॅनालिसिस, डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जिब्रा आणि ग्रुप यांभोवती फिरतो. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस त्यात नाही. प्राध्यापकीसाठी आणि संशोधनवृत्तीसाठी द्यायच्या नेटमध्ये ते आहे, टोपॉलॉजी आहे, आणि पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस, कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्सही आहेत. म्हणजे जॅमसाठी वेगळी निवड करावी लागत नाही, वर सांगितलेल्या दोन गोष्टी नीट केल्या की तयारीचा मोठा भाग त्यातच उरकतो. टीआयएफआर, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट किंवा इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या परीक्षांना मात्र सूत्रं पाठ असून भागत नाही. तिथे सिद्धतेची सवय तपासली जाते, आणि ती क्लासच्या शॉर्टकटनी येत नाही.

शाखा अजमावायची तर एक पुस्तक घ्यावं, एकच प्रकरण घ्यावं आणि त्याखालची गणितं उत्तरं न बघता सोडवायला बसावं. व्याख्यानाचे व्हिडिओ बघून शाखा ठरवू नये. चांगला शिक्षक कुठलाही विषय तासभर गोड करून दाखवतो, पण आपल्याला राहायचंय ते त्या विषयाच्या स्वाध्यायांत. एखाद्या गणितावर अडल्यावर जेवताना, बसमध्ये तेच डोक्यात फिरत असेल तर शाखा जमणारी आहे. अडल्याबरोबर मोबाईल हातात घ्यावासा वाटत असेल आणि हे आठवडाभर टिकलं, तर शेजारचं प्रकरण उघडावं.

कॉलेजात शिकवणारं कुणी एखाद्या विषयात खरोखर रमलेलं असेल, तर केवळ त्या माणसासाठी तो विषय घ्यायलाही माझी हरकत नाही. हे वरच्या तत्त्वाशी थोडं विसंगत आहे, याची कल्पना आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत निवडीला दोनच पेपर असतात आणि त्यातला एक शिकवायला कुणी नसतं. अशा वेळी उत्साही शिक्षक मिळणं ही मोठी सोय आहे. कॉलेजात कुणीच नसेल तर उन्हाळी सुट्टीत एमटीटीएसला (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) अर्ज करावा. 1993 मध्ये एस. कुमरेसन यांनी सुरू केलेल्या या शिबिरांत व्याख्यान कमी आणि प्रश्नांचा मारा जास्त असतो. विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभं करून ‘हे का?’ असं विचारत राहतात. बी.एस्सी.च्या मधल्या वर्षांपासून त्यात जाता येतं. अर्जासोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, ते वेळेत मागून ठेवावं, कारण परीक्षेच्या गडबडीत सर सापडत नाहीत.